आधी श्वास की आधी नाडी?

१८८९ च्या ऑक्टोबरात लंडनचे एक नामवंत डॉक्टर हैदराबादेत दाखल झाले. थॉमस लॉडर ब्रन्टन त्यांचं नाव. औषधांचा शरीरावर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. हृदयशूळावर अमाइल नायट्राइट लागू पडतं, हे त्यांनी तरुणपणीच, १८६७ मध्ये दाखवून दिलं होतं. त्यांना हिंदुस्थानात पाठवलं होतं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने आणि त्यासाठी १००० पौंड दिले होते सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी. उत्तर हवं होतं ते एकाच प्रश्नाचं. क्लोरोफॉर्मची भूल देताना माणूस दगावतो, तेव्हा त्याचं आधी काय थांबतं, श्वास की हृदय?

प्रश्न ऐकायला पुस्तकी वाटतो. पण त्या काळी दाढ काढायला किंवा गळू फोडायला म्हणून टेबलावर निजलेला धडधाकट माणूस चार-दोन मिनिटांत हातचा जात असे आणि डॉक्टर बघत उभे राहत. आधी श्वास थांबत असेल, तर भूल देणाऱ्याने नजर छातीवर खिळवून ठेवायची, जबडा पुढे ओढून धरायचा आणि श्वास अडखळताच क्लोरोफॉर्मचा रुमाल दूर करायचा. आधी हृदय थांबत असेल, तर बोट नाडीवर हवं, आणि तरीही रुग्ण वाचेलच याची खात्री नाही. कारण हृदय अचानक थांबलं तर करण्यासारखं त्या काळी फारसं काही नव्हतंच. दोन मतं म्हणजे टेबलाशी उभं राहण्याच्या दोन पद्धती होत्या, आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

मज्जासंस्थेवरच्या या पुस्तकात हैदराबादच्या त्या दोन-अडीच महिन्यांना मी एक अख्खं प्रकरण देतो आहे, त्याला कारण आहे. पाठ्यपुस्तकात मज्जासंस्था वरून खाली शिकवतात: मोठा मेंदू, लहान मेंदू, मज्जारज्जू, मग मज्जातंतू. नावं पाठ होतात, पण कोण कोणावर किती अवलंबून आहे ते उमगत नाही. ते उमगतं ही यंत्रणा एकेक करत बंद होते तेव्हा. भूल देणं म्हणजे ती हेतुपुरस्सर, ठरावीक मर्यादेपर्यंत बंद करणं. त्या मर्यादेच्या पलीकडे काय आहे, हाच हैदराबादचा प्रश्न होता.

क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी वापर सुरू झाला एडिंबरोत. जेम्स यंग सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये तो केला आणि अवघ्या काही आठवड्यांत त्याचं नाव सगळीकडे झालं. ईथरपेक्षा वास गोड, परिणाम झटपट, उपकरण नको, रुमालावर चार थेंब टाकले की पुरे. पण २८ जानेवारी १८४८ ला न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. शस्त्रक्रियेआधी ती भयंकर घाबरलेली होती. ही भीती लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला, तशी लोकांची भीड चेपली. मृत्यू मात्र होतच राहिले. स्नो आणि लंडनचे बरेच डॉक्टर म्हणत, हृदयाला जपा. एडिंबरोचे सर्जन जेम्स साइम यांची शिकवण उलट होती: नाडीकडे बघूच नका, श्वास बघा.

साइम यांच्या हाताखाली तयार झालेले एडवर्ड लॉरी १८८५ मध्ये हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन झाले. कोटीतली उंच खांबांची रेसिडेन्सीची इमारत आजही उभी आहे. तिच्या शेजारचा सुलतान बाजार मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा. आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, म्हणजे आपल्या मुलखाच्या एका मोठ्या भागाची ही राजधानी. लॉरी अफझलगंजच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करत आणि वैद्यकीय शाळेत शिकवत. गुरूचं वचन त्यांना अनुभवाने पटलेलं होतं; हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म देऊनही आपल्याकडे अपघात होत नाहीत, असं ते सांगत. ग्लासगोच्या एका समितीने १८८० मध्ये क्लोरोफॉर्म हृदयाला दुबळं करतो असा निष्कर्ष काढला होता. तो लॉरींना सलत होता. १८८८ मध्ये त्यांनी निजाम सरकारकडून पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन नेमून घेतलं. पॅट्रिक हेहिर त्याचे अध्यक्ष. शंभरावर कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष: प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. ‘लॅन्सेट’ला ते पटलं नाही. मग निजामांनी पैसे देऊ केले, तुमचाच माणूस पाठवा म्हणाले, आणि ब्रन्टन आले.

आता त्या टेबलाशी जरा जवळून उभे राहू.

रुमालावर क्लोरोफॉर्म पडतो. वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी आपल्या आवरणाच्या आत-बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा विद्युतदाब सांभाळून असते. संदेश आला की आवरणातल्या सोडियमच्या वाटा क्षणभर उघडतात, दाब उलटा होतो आणि ही उलथापालथ तंतूवरून पुढे धावते. जाड, मेदाचं वेष्टण असलेल्या तंतूंवर तिचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंवर जेमतेम एक मीटर. दाराला पायाचं बोट आपटलं की आपटल्याचं लगेच कळतं आणि खरी कळ क्षणभराने मस्तकात जाते, ती या वेगातल्या फरकामुळे. तंतूच्या टोकाशी पोहोचलेला संदेश पुढच्या पेशीकडे जातो तो रसायनाच्या रूपाने. यातली काही रसायनं पुढच्या पेशीला चेतवतात, काही शांत करतात. शांत करणाऱ्यांत गॅबा हे प्रमुख. क्लोरोफॉर्म गॅबाचा जोर वाढवतो, पोटॅशियमच्या काही वाटाही उघड्या धरतो, आणि पेशी चेतवायला जड होत जातात.

हे सगळ्या मेंदूत एकदम घडत नाही. ढोबळ मानाने, ज्या कामाला चेतापेशींची लांबलचक साखळी लागते ते काम आधी कोलमडतं. म्हणून पहिला फटका मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थराला, म्हणजे विचार, भान आणि आठवण यांना. रुग्णाचे कान वाजतात, आवाज लांबून येतात, दुखणं बोथट होतं. मग येतो सगळ्यात फसवा टप्पा. वरचा अंकुश सुटलेला आणि खालचे भाग अजून जागे. रुग्ण बरळतो, हातपाय झाडतो, मध्येच श्वास रोखून धरतो, मध्येच मोठमोठे श्वास घेतो. नातेवाइकांना वाटतं, याला भूल चढतच नाही. खरं तर शुद्ध केव्हाच गेलेली असते. पुढे स्नायूंचा ताण आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. हात उचलून सोडला तर धप्पकन पडतो. सर्जनला हवी असते ती हीच अवस्था.

जुने भूलतज्ज्ञ इथे बोटाच्या टोकाने डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करून बघत. स्पर्शाची खबर पाचव्या मस्तिष्क मज्जातंतूतून मेंदूच्या देठात जाते आणि पापणी मिटण्याचा हुकूम सातव्यातून बाहेर येतो. पापणी मिटली तर देठाचा तो भाग जागा आहे. मिटली नाही तर भूल खोल गेली आहे. त्याच्याही खाली आता एकच महत्त्वाची चौकी उरली.

ती चौकी म्हणजे लंबमज्जा. मेंदूचा देठ जिथे संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथला हा जेमतेम ३ सेंटिमीटरचा भाग. श्वासाचा ताल इथे ठरतो. १९९१ मध्ये काही संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या लंबमज्जेचा पातळ काप काढून द्रावणात ठेवला, तर त्यातला एक चिमुकला पेशीसमूह एकटाच श्वासाच्या लयीत संदेश सोडत राहिला. जिवंत शरीरात हा हुकूम मज्जारज्जूतून मानेपर्यंत उतरतो आणि मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जातंतूंच्या मुळांतून बनणाऱ्या तंतूवाटे छातीतून खाली श्वासपटलापर्यंत जातो. श्वासपटलाला स्वतःचा ताल नाही. वरून हुकूम आला तर ते आकुंचन पावतं, नाही आला तर पडून राहतं. विहिरीत सूर मारताना किंवा झाडावरून पडून ज्याची मान मोडते, त्याचं नशीब म्हणूनच एखाद्या मणक्याच्या फरकाने ठरतं. इजा पाचव्या मुळाच्या खाली असेल तर हातपाय जातात, श्वास राहतो. तिसऱ्याच्या वर असेल तर श्वास तिथल्या तिथे थांबतो.

आपण श्वास मुद्दाम रोखू शकतो, कारण मोठा मेंदू या चौकीला तात्पुरतं बाजूला सारू शकतो. पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की लंबमज्जेतल्या पेशी ते हेरतात आणि कितीही ठरवलं तरी तोंड उघडतंच. क्लोरोफॉर्मचं प्रमाण वाढत गेलं की ही जाणीवच बोथट होते. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, हुकूम सुटत नाही, छाती हलायची थांबते.

हृदयाचं तसं नाही. हृदयाच्या उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूला पेशींची एक छोटी गाठ आहे. तिचा शोध १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी लावला. ती कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाही. मेंदूशी असलेले सगळे धागे तोडले तरी ती हृदयाला मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांनी चालवत राहते. मग बसल्या जागी आपली नाडी ७० च्या आसपास कशी? लंबमज्जेतून निघून मानेतून खाली हृदयापर्यंत येणाऱ्या दहाव्या मस्तिष्क मज्जातंतूमुळे, म्हणजे व्हेगसमुळे. तो हृदयाचा लगाम सतत थोडा खेचून धरतो. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी व्हेगसला वीज लावून हृदय चक्क थांबवून दाखवलं, तेव्हा मज्जातंतू एखाद्या अवयवाला थोपवूही शकतो हे पहिल्यांदा जगाला कळलं. उलट बाजूने, छातीतल्या मज्जारज्जूतून येणारे अनुकंपी तंतू आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून सुटणारं ॲड्रिनलिन हृदयाला पळवतात.

व्हेगसचा हा लगाम तुम्हाला आत्ता अनुभवता येईल. मनगटावर बोटं ठेवा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी किंचित जलद होते, बाहेर सोडताना मंदावते. तरुण माणसात हा फरक ठळक लागतो. श्वास घेताना व्हेगसचा जोर क्षणभर उणावतो, सोडताना पुन्हा वाढतो. लंबमज्जेतल्या श्वासाच्या पेशी आणि व्हेगसच्या पेशी शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांचं हे बोलणं तुमच्या बोटांखाली चाललेलं असतं.

म्हणजे श्वास पूर्णपणे मज्जासंस्थेचा ताबेदार आहे आणि हृदय अर्धंमुर्धं. हे एकदा समजलं की लॉरींचा दावा किती सयुक्तिक होता ते कळतं. मज्जासंस्थेला गुंगवणारं औषध आधी मज्जासंस्थेच्या ताबेदारालाच पाडणार. हृदय आपल्या ताकदीवर आणखी काही मिनिटं तग धरणार.

ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात दुसऱ्या कमिशनने हेच तपासलं. अध्यक्ष लॉरी, सदस्य ब्रन्टन, जेराल्ड बॉमफर्ड आणि हैदराबादचेच डॉ. रुस्तमजी हकीम. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे, मांजरं, ससे मिळून पाचशेहून जास्त जनावरांवर प्रयोग झाले. शंभराहून जास्त प्रयोगांत धमनीला रक्तदाबमापक जोडून रक्तदाबाचे आलेख काढले. क्लोरोफॉर्म देत राहायचं, श्वास कधी थांबतो आणि हृदय कधी थांबतं ते नोंदवायचं, मध्येच कृत्रिम श्वास देऊन प्राणी परत येतो का बघायचं. व्हेगसला वीज लावूनही बघितलं. हृदय मंदावलं किंवा क्षणभर थांबलं, पण पुन्हा चालू झालं. उलट व्हेगस हृदयाला मंद करतो तेव्हा फुप्फुसांतलं क्लोरोफॉर्म रक्तातून पुढे कमी जातं, म्हणजे तो रक्षकच आहे, असं त्यांनी मांडलं. येताना ब्रन्टन विरुद्ध मताचे होते. जाताना ते लॉरींच्या बाजूचे झालेले होते. धोका आहे तो श्वास कोंडण्याचा आणि जास्त मात्रेचा, हृदयावर थेट घाला नाही, असा निकाल १८९० मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे गेला.

एवढ्या मुक्या जिवांचे प्राण एका प्रश्नासाठी घेतले गेले, याचं मोल कमी लेखू नये. निदान त्या प्रश्नाचं उत्तर तरी पुरं मिळायला हवं होतं. ते मिळालं नाही.

केंब्रिजचे वॉल्टर गॅस्केल हे, व्हेगस आणि अनुकंपी तंतू ज्यात येतात त्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या, आद्य अभ्यासकांपैकी एक. कासवाच्या हृदयावर काम करून, ठोका स्नायूतच उगम पावतो हे दाखवणाऱ्यांत ते होते. त्यांनी ल्युइस शोर यांच्यासोबत १८९३ मध्ये एक विलक्षण युक्ती केली. दोन प्राण्यांच्या रक्तवाहिन्या अशा जोडल्या की एकाच्या मेंदूला दुसऱ्याचं रक्त मिळावं. आता क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला द्यायचं की फक्त हृदयाला, हे त्यांच्या हातात आलं. मेंदूला दिलं तर रक्तदाब पडला नाही. हृदयाकडे गेलं तेव्हा पडला. म्हणजे मज्जासंस्थेला वगळूनही क्लोरोफॉर्म हृदयाच्या स्नायूला दुबळं करतो. लॉरींनी ते मानलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट आल्फ्रेड गुडमन लेव्ही यांच्या हाती १९११ मध्ये लागली. मांजराला क्लोरोफॉर्म हलकंच, अगदी वरवरचं दिलं आणि त्याच वेळी थोडं ॲड्रिनलिन शिरेत सोडलं, तर हृदयाचा ताल एकदम मोडतो. जवनिका नुसत्याच थरथरतात, रक्त पुढे ढकललंच जात नाही. क्षणात सगळं संपतं, श्वास अजून चालू असतानाच. खोल भुलीत असं होत नाही. होतं ते हलक्या भुलीत. आणि हलक्या भुलीतच तर रुग्ण घाबरलेला असतो, धडपडत असतो, त्याच्या अनुकंपी तंतूंनी आणि ग्रंथींनी रक्तात ॲड्रिनलिन ओतलेलं असतं. हॅना ग्रीनर नेमकी कशाने गेली यावर अजून एकमत नाही. पण घाबरलेले तरुण रुग्ण भुलीच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतच का जात, याचं उत्तर लेव्हींच्या प्रयोगात होतं.

हैदराबादच्या मंडळींना हे सापडलं नाही, याचा दोष सरसकट त्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. १८८९ मध्ये ॲड्रिनलिनचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. ग्रंथींच्या अर्काचा परिणाम १८९४ मध्ये कळला आणि शुद्ध ॲड्रिनलिन १९०१ मध्ये हाती आलं. त्यांचे प्रयोग भूल खोल, आणखी खोल नेत मृत्यूपर्यंत जाण्याचे होते. त्या वाटेने गेलं तर लंबमज्जा आधी बंद पडते, श्वास आधी थांबतो, हे त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. चूक झाली ती एका वाटेने जे दिसलं त्यालाच एकमेव वाट म्हणण्यात. खोल भुलीचा मृत्यू श्वासावाटे येतो, हलक्या भुलीतला हृदयावाटे. भीती हीसुद्धा मज्जासंस्थेचीच एक क्रिया आहे आणि ती थेट हृदयाच्या पेशींपर्यंत पोहोचते, ही गोष्ट त्या आलेखांत कुठे उमटली नव्हती.

लॉरींच्या शिकवणीतून मात्र एक चांगली परंपरा उभी राहिली. श्वासावर डोळा ठेवून भूल देणं हे शिकवण्यासारखं कसब आहे, वाटेल त्याच्या हाती रुमाल देऊन चालत नाही, असं ते मानत. १८८५ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळेत मुलींना घेतलं. पहिल्या पाच जणींत रूपाबाई फरदूनजी ही पारशी मुलगी होती. १८८९ मध्ये तिने शिक्षण पुरं केलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे पदवीचं नाव हकीम. पुढची बरीच वर्षं रूपाबाईंनी अफझलगंज आणि इतर दवाखान्यांत क्लोरोफॉर्म दिलं. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९०९ मध्ये त्या एडिंबरोला गेल्या, तिथे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकल्या आणि हैदराबादला परतल्या. तोवर अफझलगंजचा जुना दवाखाना राहिला नव्हता. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या पुराने त्याची वाताहत केली. त्याच काठावर पुढे उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत उभी राहिली.

श्वासाची वाट आणि हृदयाची वाट वेगळी कशी, हे महाराष्ट्रातल्या खेड्यात कुणी पुस्तक न उघडताही पाहिलेलं असतं. मण्यार चावते, चावल्याची जागा धड दिसतही नाही. पहाटे माणसाच्या पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास मंदावतो. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी, जिथे तो स्नायूला हुकूम देतो तिथे घाव घालतं. श्वासपटलाला हुकूम पोहोचत नाही. हृदय मात्र चालूच असतं, माणूस कित्येकदा सगळं ऐकतही असतो, आणि कुणी फुग्याने किंवा यंत्राने श्वास देत राहिलं तर तो वाचतो. लाल विंचवाचं उलट. त्याचं विष तंतूंतल्या सोडियमच्या वाटा मिटू देत नाही, स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठतं, ॲड्रिनलिन आणि त्याची भावंडं रक्तात बेसुमार येतात. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, आणि मग दमलेलं हृदय हार मानतं, फुप्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात अशी माणसं, विशेषतः मुलं मरताना पाहिली, रात्र रात्र उशाशी बसून लक्षणांची नोंद केली, आणि हे वादळ थोपवणारं प्राझोसिन वापरून त्यांचे जीव वाचवले. त्यांचे निबंध १९८० च्या दशकात छापले तेही ‘लॅन्सेट’नेच. हैदराबादच्या कमिशनला न दिसलेली बाजू या कोकणातल्या डॉक्टरने विंचवाच्या रुग्णांत पाहिली, असं मला मनापासून वाटतं.

आता हैदराबादकडे पुन्हा वळू, पण आजच्या. त्याआधी एका कायद्याविषयी. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूचा देठ मृत झाला की माणूस मृत, हे भारतात मान्य केलं. सुरुवातीला तो लागू झाला त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, तपासणी करतात. बुबुळाला स्पर्श करतात, पापणी मिटते का ते बघतात. शेवटची परीक्षा श्वासाची: कृत्रिम श्वासाचं यंत्र काढून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छाती उघडी टाकून तिच्याकडे टक लावून बसतात. लंबमज्जेत एक जरी जिवंत चौकी असेल तर एवढ्या कार्बन डायऑक्साइडने छाती उचलायलाच हवी. उचलली नाही, तर निदान पक्कं. हृदय तेवढा वेळ धडधडतच असतं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या आईबापांना हे समजावणं फार अवघड असतं. पडद्यावर ठोका दिसतो आहे आणि डॉक्टर म्हणतात, गेला. त्या ठोक्याला मेंदू लागत नाही, हे कुणी त्यांना शांतपणे, खाली बसून सांगायला हवं.

तेच हृदय दुसऱ्याला देता येतं. तेलंगणात हे काम ‘जीवनदान’ या सरकारी योजनेतून चालतं. २ फेब्रुवारी २०२१ ला एल. बी. नगरच्या रुग्णालयातून निघालेलं एक हृदय नागोल ते ज्युबिली हिल्स हे २१ किलोमीटरचं अंतर कुठेही न थांबणाऱ्या मेट्रोने गेलं, कारण रस्त्याने गेलं असतं तर वाहतुकीत वेळ मोडला असता. पेटीत ते थंड आणि निश्चल असतं. नव्या छातीत रक्तवाहिन्या शिवून ऊब मिळाली की कर्णिकेतली ती गाठ पुन्हा आपल्या तालावर ठोका धरते.

सर्जन रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू जोडत नाहीत. व्हेगस तुटलेला, अनुकंपी तंतूही तुटलेले. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाची नाडी बसल्या जागीही ९० ते ११० च्या घरात लागते आणि खोल श्वासाबरोबर ती जलद-मंद होत नाही. जिना चढताना तिला वेग घ्यायला काही मिनिटं लागतात, कारण हुकूम आता तंतूंवाटे नाही, रक्तातल्या ॲड्रिनलिनवाटेच येतो. विश्रांतीला बसल्यावरही ती लवकर उतरत नाही. पुढच्या काही वर्षांत काही अनुकंपी तंतू हळूहळू परत उगवतात, सगळे नाही. अशा माणसाला पुढे कधी साध्या हर्नियासाठी भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला एक गोष्ट पक्की माहीत असावी लागते. शस्त्रक्रियेत नाडी मंदावली की नेहमी हाताशी असतं ते ॲट्रोपिन, आणि ते व्हेगसचा परिणाम रोखून काम करतं. इथे व्हेगस पोहोचतच नाही, त्यामुळे ॲट्रोपिन टोचून नाडी वाढेल याची वाट बघत बसता येत नाही. हृदयाच्या पेशींवर थेट काम करणारं आयसोप्रिनलिनसारखं औषध भूल सुरू करण्याआधीच भरून तयार ठेवावं लागतं.